तटावरून आणलेला म्हातारा

सहलीचे फोटो तुम्ही सगळ्यांनी बघितलेच आहेत. लुओयांगच्या लेण्यांपुढे आमचा म्हातारा कपाळाला आठ्या घालून उभा आहे, शिआनला मातीच्या सैनिकांपुढे तशाच आठ्या घालून उभा आहे, आणि पिंगयाओच्या एका फोटोत मात्र तोंडभर हसतो आहे. "हा किती छान आलाय, मोठा करून भिंतीवर लावा," असं आपल्या जिन्यातली प्रत्येक बाई मला सांगून गेली. तो मी लावत नाही. का लावत नाही ते आज सांगते, पण म्हातारा खाली पत्ते खेळतोय तोवरच.

सव्वीस वर्षं मी, फान ग्वेलान, झेनजियांगच्या सिटी बसमध्ये कंडक्टर होते हे तुम्हाला माहीत आहे. "दारात उभे राहू नका, मागे सरका" हे इतक्या वेळा ओरडले आहे की आता मी कुजबुजले तरी दोन मजल्यांना ऐकू जातं. नवरा व्हिनेगरच्या कारखान्यात होता, चौतीस वर्षं. रांजणाचं तोंड उघडायचं, नाक लावायचं आणि माल तयार झाला की नाही ते सांगायचं, एवढंच त्याचं काम. त्या नाकानं माझ्या संसाराचं वाटोळं केलं. भाजीत आलं कमी पडलं तर त्याला जिन्यातच कळायचं, आणि दारातून आत येतायेताच कुरकुर सुरू व्हायची. एक्केचाळीस वर्षांत त्यानं कशाला चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही. आणि मीही एक्केचाळीस वर्षांत त्याला नावानं हाक मारलेली नाही. आधी नुसतं "ए" म्हणायचे, मुलगी झाल्यावर "पोरीचा बाप", आणि केस पिकल्यावर "म्हातारा". आपल्याकडे सगळ्या जणी असंच करतात, त्यात मी जगावेगळं काही केलं नाही.

सहल मुलीनं ठरवून दिली. लुओयांग, शिआन, पिंगयाओ, दातोंग. चार शहरं, बारा दिवस. सत्तरी ओलांडलेल्यांना बहुतेक ठिकाणी फुकट सोडतात, त्यामुळे दाराशी म्हातारा खूश असायचा आणि आत गेला की तोंड वाकडं. लेण्यातल्या बुद्धाचं नाक बरोबर नाही. सैनिक सगळे एका रंगाचे. शिआनचा तट फार रुंद. उजवा गुडघा दुखतो. आणि जेवणाच्या टेबलावर खोकल्याच्या औषधाची एक जुनी बाटली खिशातून बाहेर यायची. तिच्यात आपल्या गावचं व्हिनेगर. शान्शी प्रांतात पोचल्यावर तर उघड युद्धच सुरू झालं, कारण ती माणसं स्वतःला व्हिनेगरमधले राजे समजतात. पिंगयाओच्या नूडल्सच्या दुकानात मालकाच्या देखत त्यानं तिथल्या बरणीचा वास घेतला आणि मोठ्यानं म्हणाला, "हे व्हिनेगर नाही, चुलीच्या राखेचं पाणी आहे." मी बशीकडे बघत राहिले.

पिंगयाओला आम्ही होउताईंच्या लॉजवर उतरलो होतो. पाच खोल्या, अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि ऐंशीला टेकलेल्या होउताई दिवसभर दारात सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेल्या. पहिल्याच दिवशी तीनच्या सुमाराला आम्ही तटावर गेलो. एप्रिल महिना. उत्तरेकडून पिवळी धूळ यायला लागली आणि बघता बघता भरदिवसा दिवे लावायची वेळ आली. बाकीची माणसं तोंडाला रुमाल बांधून खाली उतरत होती. म्हाताऱ्याला मात्र मागचा बुरूज दिसेल असा फोटो हवा होता. मी फोन धरला. त्याचं डोकं कापलं जात होतं, म्हणून म्हटलं, "मागे सरक." सरकला. "अजून मागे. अजून थोडा मागे." सव्वीस वर्षांची सवय, तोंडातून आपोआप निघतं. आणि म्हातारा बुरुजाच्या चार पायऱ्या पाठीवर घसरत खाली गेला.

लागलं काहीच नाही. उठला, कपडे झटकले. मी वाट बघत होते की आता पायऱ्या बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होईल. तो काहीच बोलला नाही. खाली उतरेपर्यंत बोलला नाही. नूडल्स समोर आल्या तेव्हा बाटलीसाठी त्याचा हात खिशाकडेही गेला नाही. दवाखान्यात नेलं, यंत्रात घातलं, डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे, वय झालंय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम चहा कालच्याच पत्तीचा केला. प्यायला. मुकाट प्यायला! तेव्हा मी होउताईंना हाक मारली.

होउताई खोलीत आल्या. त्याच्या डोळ्यांपुढून हात फिरवला, पापणी हलली नाही.

"याचा जीव वरच राहिलाय," त्या म्हणाल्या. "कुडी उठून आली, जीव बसून राहिला. कुठं पडला होता?"

"तटावर. बुरुजापाशी."

"मग जाऊन घेऊन ये. त्यात काय एवढं?"

मलाही नवल वाटलं नाही. लहानपणी मी तळ्यात पडले होते तेव्हा आईनं असंच मला बोलावून आणलं होतं. पद्धत सगळीकडे तीच. अंगातला न धुतलेला कपडा घ्यायचा, पडल्या जागी जायचं, हाक मारायची आणि घरी यायचं. येताना मागे बघायचं नाही, वाटेत कुणाशी बोलायचं नाही. दारात उभ्या असलेल्या माणसानं विचारायचं "आला का?", आपण म्हणायचं "आला", आणि कपडा अंगावर टाकायचा.

"नाव घेऊन बोलाव," होउताईंनी पाठीमागून बजावलं.

"माहितीय हो," मी म्हटलं, आणि म्हाताऱ्याचं जाकीट काखेत मारून निघाले.

वर पोचले तेव्हा चार वाजले होते आणि धूळ कालच्यापेक्षा जास्त होती. बुरुजाच्या चार पायऱ्या दिसत होत्या, त्यापुढचं सगळं पिवळं. एका सहल कंपनीच्या लाल टोप्या घातलेली वीसेक माणसं तिथंच घोळका करून उभी होती. मी जाकीट पुढे धरलं, तोंड उघडलं, आणि नाव अडकलं. हे नाव मी फक्त दवाखान्याच्या फॉर्मवर लिहिलं होतं. वीस परक्या माणसांदेखत नवऱ्याच्या नावानं गळा काढायचा म्हणजे मला नव्या नवरीसारखी लाज वाटली. सहासष्टाव्या वर्षी! म्हणून मग जे रोज तोंडात असतं तेच ओरडले, आणि ओरडले ते बसमधल्या आवाजात.

"ए म्हाताऱ्या! घरी चल! जेवायला चल!"

लाल टोप्यांमधल्या तीन म्हाताऱ्यांनी वळून बघितलं. त्यातला एक तर दोन पावलं पुढेसुद्धा आला, बायकोनं त्याची बाही धरून मागे ओढलं. आणि त्याच क्षणी वारा पडला. धूळ जिथल्या तिथं उभी राहिली. हातातलं जाकीट जड झालं, कुणीतरी दुसरं टोक हलकेच धरावं तसं.

मी वळले आणि चालायला लागले. मागून पावलं. आमच्या म्हाताऱ्याच्या बुटांचे तळवे रबरी, ते दर पावलाला कुंई करतात. ही पावलं कापडी जोड्यांची होती, मऊ, फस्... फस्... माझ्यापासून तीन हातांवर, कमी नाही, जास्त नाही. मी मनाला समजावलं, बूट तर कुडीच्या पायात आहेत, जिवाला कुठून येणार? गल्लीत एक पिवळं कुत्रं वाटेत आडवं पडलं होतं. मी आले तसं ते उठून बाजूला झालं, मी गेल्यावर परत पसरलं, आणि लगेच पुन्हा उठून बाजूला झालं. मानेवर ओल्या मातीचा वास येत होता. मागे बघायचं नव्हतं म्हणून बघितलं नाही, नाहीतर मी काय घाबरते?

दारात होउताई. "आला का?"

"आला," मी म्हटलं. सव्वीस वर्षांत एकदाही मी तिकीट बघितल्याशिवाय कुणाला आत घेतलं नव्हतं. ते त्या दिवशी घेतलं.

जाकीट अंगावर टाकलं. म्हाताऱ्यानं डोळे मिटले, उघडले, आणि खोलीकडे चारी बाजूंनी नीट बघून घेतलं. मग माझ्याकडे बघून हसला.

"आलो," तो म्हणाला. "तुम्हाला फार चालावं लागलं, बाई."

तुम्ही? बाई? मला वाटलं डोक्याला मार बसलाय. पण बोलला याचाच आनंद इतका की मी धावत जाऊन होउताईंकडून नूडल्स आणल्या. तो खुर्चीवर बसला नाही. अंगणाच्या कोपऱ्यात गेला, वाडगा हातात घेतला आणि दोन पायांवर उकिडवा बसला. ज्या गुडघ्यासाठी मी शिआनमध्ये दर वीस पायऱ्यांना थांबत होते, तो गुडघा काही न बोलता दुमडला. मग त्यानं टेबलावरची होउताईंची बरणी उचलली, नूडल्सवर ओतली, पुन्हा ओतली, आणि उरलेलं तळहातावर घेऊन प्यायला.

"वा," तो म्हणाला. "फार दिवसांनी."

मी वाडगा खाली ठेवला. चौतीस वर्षं ज्यानं आपल्या गावच्या रांजणांना नाक लावलं, तो तहानेनं मेला असता पण त्या बरणीला शिवला नसता. मी तडक स्वयंपाकघरात गेले.

"होउताई... हा आमचा नाही."

त्यांनी दारातून डोकावून बघितलं. तो वाडगा स्वतः धूत होता. "कसा असेल? आमच्याकडच्यासारखा बसलाय. तू हाक काय मारलीस?"

मी सांगितलं. होउताईंच्या हातातल्या बिया खाली सांडल्या.

"म्हाताऱ्या? नुसतं म्हाताऱ्या? अगं बये, तो तट सहाशे वर्षांचा आहे! पहारेकरी, गवंडी, गाडीवान, वर किती म्हातारे असतील काही कल्पना आहे का तुला? आणि वर 'जेवायला चल'! एकच आला हे नशीब समज. माझ्याकडे पाचच खोल्या आहेत."

"मग आता?"

"याला जिथून आणलास तिथं पोचव, आणि आपल्याला नावानं बोलाव. गाडी कधीची आहे?"

"उद्या अकराची. दातोंगची."

"त्याच्या आत कर. एकदा गावाबाहेर पडलात की हा काही मागे फिरायचा नाही, आणि तुझा वर बसला तो बसला. तट आता बंद झाला असेल. सकाळी आठला उघडतो."

म्हणजे एक अख्खी संध्याकाळ मला परक्या माणसाबरोबर काढायची होती, आणि ती माझ्या नवऱ्याच्या अंगात. तुम्ही हसताय. मीही आता हसते. पण खरं सांगायचं तर ती संध्याकाळ वाईट गेली नाही, आणि भीती मला त्याचीच वाटते. त्यानं माझ्यासाठी खुर्ची पुसली. माझी पिशवी खोलीत नेऊन ठेवली. मग पुन्हा उकिडवा बसून विचारलं, "तुम्ही काय काम करायच्या, बाई?" बस म्हणजे काय तेच त्याला कळेना, म्हणून मी पहिल्यापासून सांगितलं. पुराच्या पाण्यात आमची बस बंद पडली आणि मी चौदा माणसांना खिडकीतून टपावर चढवलं, ती गोष्ट मी नवऱ्याला चार वेळा सांगायला घेतली होती आणि चारही वेळा त्यानं मध्येच विचारलं होतं, मीठ कुठंय? याला मी शेवटपर्यंत सांगितली. तो योग्य जागी हसला, योग्य जागी गप्प झाला, आणि शेवटी म्हणाला, "तुम्ही मोठ्या धीराच्या." फोटो तेव्हाचा आहे. त्याला फोन म्हणजे काय ते दाखवत होते.

एक वाडगा नूडल्स खायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ माझ्या मनात आलं, असू दे की. कुणाला कळणार आहे? मुलीला सांगायचं, बाबा पडल्यापासून सुधारले. हा विचार मी केला, खोटं कशाला बोलू.

मग तो हळूच म्हणाला, "उद्या गाडीनं जायचं ना?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"ऐकलं. मी गाडीत कधी बसलो नाही, बाई... खूप लांब जाते का ती? इथून खूप लांब?"

हसत होता. पण डोळे माझ्याकडे नव्हते, दाराबाहेर तटाकडे होते, आणि तिकडून कुणी बघत असावं तसा तो दाराआड सरकला. आणि तेव्हा माझा म्हातारा मला दिसला, त्या पायऱ्यांवर धुळीत बसलेला, गुडघा चोळत, शिव्या देत. हट्टी माणूस तो. नाव न घेता हाक आली तर जागचा हलणार नाही, आपलं नाव येईपर्यंत बसून राहील. मला रडूच आलं. माझ्या भाजीला नावं ठेवायला तरी तो मला हवा होता. चांगलं-चांगलं म्हणणारा माणूस घेऊन मी काय करू? मला कळणार कसं, भाजी खरंच कशी झालीय ते?

सकाळी आठला मी जाकीट घेतलं आणि त्याला म्हटलं, "चला, जरा फिरून येऊ." तो काही न विचारता निघाला. धूळ बसली होती, आकाश स्वच्छ होतं. तटाच्या पायऱ्या तो माझ्या आधी चढला. बुरुजाशी आल्यावर स्वतःच त्या चार पायऱ्यांवर बसला आणि मांडीवर हात ठेवले.

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला.

"तुमचा काही दोष नाही," मी म्हटलं. "माझीच चूक झाली."

"चूक कसली? कुणीतरी जेवायला चल म्हटलं... किती वर्षांनी म्हटलं. मी काही विचारच केला नाही, बाई. उठलो आणि आलो." त्यानं पायरीवरची धूळ हातानं पुसली. "नूडल्स चांगल्या होत्या."

तट झाडणारी एक बाई पन्नास पावलांवर होती, तिच्याकडे मी पाठ केली. तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसती हवा निघाली. दुसऱ्यांदा नाव निघालं, पण मांजरीच्या पिल्लाएवढं. मग मला माझाच राग आला. चौदा माणसांना टपावर चढवलं आणि एका माणसाचं नाव घेता येत नाही?

"ताओ छिंगशान!" मी ओरडले. कबुतरं उडाली, झाडणारीचा झाडू पडला. "ताओ छिंगशान! झेनजियांगच्या व्हिनेगर कारखान्यातला ताओ छिंगशान! घरी चल!"

पायरीवरच्या माणसाची मान छातीवर पडली. माझ्याजवळून मातीचा वास गेला, सावकाश, रेंगाळत. आणि मग मान वर आली, कपाळाला आठ्या पडल्या.

"ओरडतेस काय? बहिरा आहे का मी?" तो म्हणाला. "परवा दुपारपासून वाट बघतोय. आणि हे... हे तोंडाला काय लागलंय माझ्या? थू! राखेचं पाणी! कुणी पाजलं मला हे? थू! थू!"

तो थुंकत होता आणि मी त्याच्या गळ्यात पडून रडत होते, आणि ती झाडणारी बाई तोंडात बोट घालून बघत होती. खाली उतरताना दर चार पायऱ्यांना त्याचा गुडघा दुखला. त्या दिवशी मला त्याची एकही तक्रार जड वाटली नाही. होउताई दारात होत्या. "आला का?" म्हणाल्या. मी आधी त्याला विचारलं, "चहा कसा होता कालचा?" तो म्हणाला, "कसला चहा? तुला चहा करता येतो कुठे?" मग मी म्हटलं, "आला."

गाडी सुटली. पिंगयाओ मागे पडलं तेव्हा मी पहिल्यांदा पाठ टेकली. तो खिडकीबाहेर बघत आपल्या बाटलीतला एक एक थेंब जिभेवर घेत होता, तोंड स्वच्छ करायला.

"फार त्रास झाला का रे वर?" मी विचारलं.

"त्रास? जागाच नाही बसायला! अख्ख्या तटावर सगळे ओळीनं बसलेले. तू काल ओरडलीस तसे सगळे एकदम उठले."

"सगळे... म्हणजे किती?"

"मोजायला मी काय कंडक्टर आहे? जेवायला चल म्हटल्यावर उठणारच. मी म्हटलं, अरे ती माझी बायको आहे. तोवर तो कापडी जोड्यांवाला पुढे घुसला. बाकीचे रात्रभर हळहळत होते. चांगला आवाज आहे म्हणत होते तुझा." बाटलीचं बूच लावत तो पुढे म्हणाला, "माणसं वाईट नाहीत. सरकून जागा दिली मला. सकाळी निघताना एवढंच विचारलं त्यांनी."

"काय विचारलं?"

"तुझं नाव काय म्हणून."

गाडी बोगद्यात शिरली. बाहेर आली तेव्हा मी त्याचा दंड धरला होता.

"आणि तू सांगितलंस?"

"मग? दोन रात्री जागा दिली माणसांनी. फान ग्वेलान म्हटलं, गाव झेनजियांग. त्यांनी पाठ करून घेतलं, दोन-तीनदा म्हणून दाखवलं. कितवा मजला ते काही कुणी विचारलं नाही," असं म्हणून तो झोपला.

दातोंगला काही झालं नाही. बुद्ध बघितले, डोंगराला टांगलेलं देऊळ बघितलं, म्हाताऱ्याला ते फार उंच वाटलं. घरी आलो. आठ-दहा दिवस बरे गेले.

आता रोज साडेअकराला मी स्वयंपाकाला लागते. तेल तापत असतं, म्हातारा खाली पत्त्यांत असतो. आणि जिन्यातून हाक येते, माझ्या पूर्ण नावानं. फार आदरानं. फान ग्वेलान... घरी चला... जेवायला चला. कधी एक जण म्हणतो, कधी बरेच जण मिळून. तुम्हाला कुणाला ऐकू येत नाही, ते मी आडून आडून विचारून झालंय. होउताईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ओ देऊ नकोस. काहीही झालं तरी."

मी देत नाही ओ. पण एक सांगते, तुम्हीही बायका आहात म्हणून सांगते. एक्केचाळीस वर्षं मी वाढते आणि सगळ्यांना हाका मारते. मला आजवर कुणी नाव घेऊन जेवायला चल म्हटलेलं नाही, आईनंतर कुणीच नाही. ती हाक आली की हातातला झारा थांबतो. वाफेचा वास येतो, कुणीतरी नुकतंच वाडग्यात वाढलेलं असावं तसा, आणि भूक लागते, खरी भूक.

काल मी भानावर आले तेव्हा गॅस बंद केलेला होता आणि माझ्या पायात चपला होत्या.